चोविसावी जागा

माझ्या मुलीचं नाव कॉलेजच्या वर्गातून मी काढलं. तिला न विचारता, तिच्या नावाने लॉग-इन करून, ऑफिसच्या लंच अवरमध्ये, शेजारी डबा उघडा ठेवून. आणि पुढचे जवळजवळ दोन महिने मी ते कुणालाही सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण नाहीतर पुढे लिहिताना मी स्वतःला थोडं थोडं सोडवत जाईन. तशी मला सवय आहे.

२००६ साली आम्ही रेडमंडला राहत होतो. मी पुण्याहून कामाच्या व्हिसावर आलेला, डेटाबेसवर काम करणारा माणूस. आलो तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. २००१ मध्ये आमच्या कंपनीने माणसं काढली त्यात मी गेलो, महिनाभरात दुसरीकडे लागलो, पण ग्रीन कार्डचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आकडा होता, एकवीस. मुलगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत कार्ड आलं नाही, तर ती माझ्या व्हिसावर राहू शकत नव्हती. तिला स्वतःच्या पायावर, स्वतःच्या कागदांवर इथे उभं राहावं लागलं असतं. माझ्या मते त्यासाठी एकच रस्ता होता: गणित, केमिस्ट्री, चांगली युनिव्हर्सिटी, इंजिनिअरिंग.

त्या जूनमध्ये ती हायस्कूल संपवून बाहेर पडली आणि म्हणाली, आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला जाते, म्हणजे मार्क न बघता कुणालाही घेणाऱ्या गावातल्या कॉलेजला. मित्रमैत्रिणी जातात, इथे चालतं. आमच्या लोकांत चालत नव्हतं. मंडळाच्या गणपतीत पुलाव वाढून घेताना एका काकूंनी तिला विचारलंच, "का गं, मार्क्स कमी पडले?"

"जास्त झाले काकू," ती म्हणाली. "ते कमी करायला चाललेय."

काकू हसल्या. मी हसलो नाही. प्लेट घेऊन पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहिलो.

आणि विषय तरी कुठले घेतले होते? एक एथ्निक स्टडीज, म्हणजे निरनिराळ्या वंशांच्या समाजांचा अभ्यास. दुसरा ईएमटीचा कोर्स, म्हणजे अँब्युलन्समधून येणाऱ्या माणसांचं प्राथमिक प्रशिक्षण.

"एथ्निक स्टडीज म्हणजे काय?" मी विचारलं होतं. "आपण घरात राहतो तेच ना? त्याचे क्रेडिट्स मिळतात?"

"फाइव्ह क्रेडिट्स, बाबा."

"मग तुझ्या आईला पीएचडी द्यायला पाहिजे."

"द्या की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "निदान कुकर तरी दुसरं कोणी लावेल."

तो विषय मी थट्टेवारी नेला. ईएमटीवर मला थट्टा जमली नाही. सुया, रक्त, हायवेवरचे अपघात, अनोळखी माणसांना जिन्यावरून उचलून आणणं. शिवाय तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. मग हे शिकून काय करणार? मी हे सगळं तिला एकदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला आजीचं आठवतं ना?"

मला आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. एका दुपारी मुलगी शाळेतून घरी आली तर आजी सोफ्यावर घामाने भिजलेली, जीभ जड झालेली, बोलणं समजत नव्हतं. तिची शुगर उतरली होती. पोरीने सरळ ९११ लावला. मी ऑफिसातून पोचलो तेव्हा आमच्या दारात अख्खं फायर इंजिन उभं (इथे अँब्युलन्सच्या आधी तेच येतं), समोरचे शेजारी लॉनवर आलेले. आत आई शुद्धीवर येत होती, आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेली गणवेशातली एक तरुण मुलगी तिचा हात धरून माझ्या मुलीला विचारत होती, कुठल्या गोळ्या घेते, किती वाजता घेतल्या. गोळ्यांवर इकडच्या नावांपैकी एकही नाव नव्हतं. माझी पोर स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचून दाखवत होती आणि रडत होती.

आणि मी काय म्हणालो? "आधी मला फोन करायचा ना! एवढा तमाशा!"

पंधरा वर्षांच्या मुलीने माझ्याकडे बघितलं. "तुला फोन करून काय झालं असतं, बाबा? तू मीटिंगमध्ये होतास."

अँब्युलन्स बोलावणं म्हणजे घरातलं चव्हाट्यावर आणणं, हे माझ्या हाडात होतं. व्हिसावरच्या माणसाच्या दारात लाल दिवे लागले की उगाच कुठेतरी नोंद होते, असंही मला वाटायचं. कुठे होते, हे मात्र मला कधीच सांगता आलं नसतं.

तर त्या कोर्सला चोवीस जागा होत्या. सरावाच्या बाहुल्या आणि शिक्षक तेवढ्यांनाच पुरणारे. मुलीला चोविसावी, म्हणजे शेवटची जागा मिळाली होती. त्या दिवशी तिने आईला मिठी मारून घरभर नाचवलं होतं.

आमच्या घरात सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे असायचे. बँक, वीज, लायब्ररी, मुलीची शाळा, सगळं एका एक्सेल शीटमध्ये. बायकोला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मुलीलाही नाही. कॉलेजचा विद्यार्थी क्रमांकही त्या शीटमध्ये मीच टाकला होता, आणि पिन म्हणजे तिचीच जन्मतारीख. कॉलेज सुरू व्हायला आठवडा राहिला असताना, एका बुधवारी, मी ऑफिसात तिचं पान उघडलं. फक्त बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. ईएमटीच्या ओळीपुढे एक छोटा चौकोन होता. मी त्यात टिक केली. पडद्यावर विचारलं गेलं, नक्की काढायचं? मी हो म्हटलं.

माझा हिशेब असा होता: जागा नाही म्हटल्यावर ती थोडी चिडेल आणि केमिस्ट्री घेईल.

पोळीचा एक घास खाल्ला असेल नसेल, तोच मी डबा बाजूला सारला. मी पुन्हा ते पान उघडलं आणि तिचं नाव परत घालायला गेलो. वर्ग भरलेला होता. वेटिंग लिस्टवरच्या कुणाला तरी ती जागा गेलीसुद्धा होती. मागे अजून अठरा नावं होती. मी चार वेळा पान रिफ्रेश केलं. मग डबा बंद केला आणि दीडच्या मीटिंगला गेलो.

तिला तेव्हाच सांगितलं असतं तर? आठवडाभर वेळ होता. दररोज संध्याकाळी मी ठरवायचो, जेवण झालं की सांगू. जेवण व्हायचं.

पहिल्या दिवशी ती सकाळी लवकर उठली. वर्गाला गणवेश होता: पांढरा शर्ट, गडद निळी पँट, काळे बूट. शर्टाला तिने स्वतः इस्त्री केली, एरवी ती इस्त्रीच्या वाटेला जात नसे. मला म्हणाली, "बाबा, कसा दिसतो? सीरियस वाटतंय ना?" मी "छान" म्हणालो आणि गाडीची चावी शोधायला लागलो. चावी माझ्या हातातच होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शर्ट पँटमधून बाहेर आलेला होता. यादीत तिचं नाव नव्हतं. शिक्षक निवृत्त फायरमन, भला माणूस. त्याने तिला पहिला तास मागे बसू दिलं आणि मग रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर पाठवलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तूच काढलेलं दिसतंय. ही म्हणाली, मी नाही काढलं. बाई म्हणाल्या, सिस्टिममध्ये तसंच दिसतं. मग तिथे आवाज चढले.

"त्या बाई फोनवरून लोकांची नावं काढतात, बाबा. त्यांनी दुसऱ्या कोणाचं काढायचं तर माझं काढलं. आय ॲम शुअर."

आणि मी म्हणालो, "होतं असं. घाईत होतं."

नाव काढणं ही एक चूक होती. हे वाक्य म्हणजे दुसरी, आणि ती मला जास्त लागते. कारण पहिलीच्या वेळी माझ्यासमोर फक्त एक पडदा होता. दुसरीच्या वेळी समोर मुलगी होती, आणि जिला मी कधी पाहिलंही नव्हतं अशी एक बाई.

मुलीने तक्रारीचा मेल लिहायला घेतला. "बाबा, तू बघ ना जरा, तुला ऑफिशियल येतं." मी तिच्या शेजारी बसलो. नकार दिला असता तर संशय आला असता, असं मला वाटलं. तिने लिहिलं होतं, कदाचित कर्मचाऱ्याकडून चूक झाली असावी. मी 'कदाचित' काढलं. 'चूक'च्या जागी 'निष्काळजीपणा' घातला. इंग्रजीत तो शब्द फार चांगला बसला. मुलगी म्हणाली, "वॉव, स्ट्राँग आहे." तिने पाठवायचं बटण दाबलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. कॉलेजने सिस्टिमची नोंद मागवली होती, दोन-तीन आठवडे लागतील.

आता हे वाचणाऱ्याला त्या नोंदीचं काही वाटणार नाही. पण माझं पोटापाण्याचं कामच ते होतं. कुणी, कधी, कुठून, काय बदललं, याची नोंद ठेवणारे तक्ते मी रोज लिहीत होतो. मला पक्कं माहीत होतं त्या कागदावर काय असणार: बुधवार, दुपारी साडेबाराची वेळ, आणि ज्या नेटवर्कवरून बदल झाला त्याचा पत्ता. मी ऑफिसात जाऊन तपासूनही बघितलं, आमचा पत्ता बाहेर कसा दिसतो. कंपनीचं नाव स्वच्छ दिसत होतं. आमच्या घरातला एकच माणूस तिथे काम करत होता.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे, कारण बाहेरून काहीच झालं नाही. मी बस पकडून कामाला जायचो. आल्या आल्या बूट काढायच्या आधी विचारायचो, "कॉलेजचा मेल आला?" फोन वाजला की दचकायचो. एका शनिवारी मुलगी दारातूनच "बाबा!" म्हणून ओरडली आणि माझ्या हातातला चहाचा कप बशीत कलंडला. तिला फक्त गाडी हवी होती.

बायको म्हणाली, "तुझा जीव का एवढा वरखाली होतोय? कोर्स तिचा गेलाय."

"तिच्याचसाठी."

"तुला तर तो नकोच होता ना?" ती भाजी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली, तिने वर बघितलं, आणि पुन्हा चिरायला लागली. तिला तेव्हाच कळलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. का नाही विचारलंस, असं मी म्हटलं तर म्हणाली, "तू सांगतोस का ते बघत होते."

मुलगी मात्र बदलली होती. एथ्निक स्टडीजला जायची, यायची, खोलीत बसायची. तिने केमिस्ट्री घेतली नाही. रिकाम्या वेळात ती त्या फायरमन शिक्षकाच्या वर्गाच्या काचेबाहेर उभी राहते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

नोव्हेंबर उजाडला तरी कॉलेजची ती नोंद आली नव्हती. त्याच सुमारास तिला एथ्निक स्टडीजसाठी एक काम आलं: आपल्याच समाजातल्या, बाहेरून इथे आलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची, रेकॉर्ड करायची, लिहून द्यायची. मला वाटलं ती मंडळातल्या कुणा जुन्या डॉक्टरकाकांना विचारेल. तिने मला विचारलं.

रविवारची दुपार होती. बाहेर आमच्याकडचा तो न थांबणारा बारीक पाऊस. जेवणाच्या टेबलावर तिने छोटा रेकॉर्डर ठेवला, त्याचा लाल दिवा लागला. प्रश्न प्राध्यापिकेने छापून दिलेले होते. ती इंग्रजीत वाचायची आणि मग मराठीत सांगायची, जणू मला इंग्रजी येत नाही. इथे का आलात? पहिल्या वर्षी काय नवीन वाटलं? घरी कुठली भाषा बोलता? मी बरा बोलत होतो. दोनदा ती हसलीसुद्धा. किती दिवसांनी.

मग तिने कागद उलटला. "इकडे आला नसतात तर केलं नसतं, असं काही तुम्ही केलंत का?"

पुष्कळ उत्तरं देता आली असती. गवत कापलं, बीफ नसलेला बर्गर मागितला, बर्फात गाडी ढकलली. मी लाल दिव्याकडे बघितलं.

"केलं," मी म्हणालो. "तुझं ईएमटीमधून नाव मी काढलं."

तिने हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी हळू, "काय?"

"ऑफिसमधून. लंच अवरमध्ये. तुझा पिन माझ्याकडे होता."

"आणि तो मेल? तू माझ्या शेजारी बसून लिहिलास तो मेल?"

"हो."

मग मी बोलत सुटलो. एकवीस वर्षांचं सांगितलं, २००१ मध्ये बॉक्समध्ये सामान भरून ऑफिसातून बाहेर पडलो ते सांगितलं, सुयांचं सांगितलं, आजीच्या दिवशीचे लाल दिवे सांगितले. परत नाव घालायचा प्रयत्न केला तेही सांगितलं, जणू ती मोठीच गोष्ट. ती रेकॉर्डर बंद करेल अशी मी वाट बघत होतो. तिने केला नाही. माझे शब्द संपले तेव्हा तिने बटण दाबलं, कागदांतून एक फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"परवानगीचा फॉर्म आहे. हे लिहून द्यावं लागेल. कदाचित वर्गात वाचलं जाईल. सही करशील?"

मी सही केली. माझी सही नेहमी लांबलचक येते. त्या दिवशी ती छोटी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना ती मागे येऊन उभी राहिली. "टेप मी पूर्ण ऐकली. बावीस मिनिटं तू रीझन्स देतोयस. एकदाही सॉरी म्हणाला नाहीस." मी वळलो तोवर ती पुढे म्हणाली, "मला आत्ता नकोय. आधी त्या बाईंना म्हण. त्यांना एक्स्प्लनेशन लिहून द्यायला लावलंय माझ्या मेलमुळे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. काउंटरसमोर नंबराची चिठ्ठी घ्यावी लागायची. माझ्या चिठ्ठीच्या आधी अकरा जण होते. त्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला, प्रत्येकाशी तेवढ्याच सुरात बोलणाऱ्या. माझा नंबर आला. इंग्रजीत सॉरी म्हणणं सोपं असतं. या देशात आपण ते लिफ्टमध्ये, दुकानात, दिवसातून वीसदा म्हणतो. मी सॉरी म्हणालो, काय केलं ते सांगितलं, तुमच्यावर ठपका आला त्याबद्दल फार वाईट वाटतं म्हणालो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट बघितलं. राग दिसला नाही, दयाही नाही.

"याचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "लिहून द्या." आणि एक कोरा कागद पुढे केला. "माझ्या सुपरवायझरच्या नावाने. तारीख घाला. वेळही."

मी बाजूला उभं राहून लिहिलं. या वेळी 'कदाचित' हा शब्द कुठेही आला नाही. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, शिक्का मारला, एक प्रत स्वतःच्या फायलीत ठेवली. मग माझ्या मुलीला म्हणाल्या, नवीन पिन घाल, आणि जानेवारीच्या वर्गासाठी तुझं नाव आत्ताच घेते. मुलगी कीपॅडकडे वळली.

"सर," बाई मला म्हणाल्या, "जरा मागे व्हा."

जमिनीवर एक पिवळी रेघ होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि दुसरीकडे तोंड केलं. मागून चार-पाच बटणांचे आवाज आले.

गाडीत मी बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माझ्या वडिलांनी मला कधी 'माझं चुकलं' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांनाही त्यांच्या वडिलांनी म्हटलं नसणार. आमच्यात बाप चुकला तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या आवडीचं काहीतरी घेऊन येतो, आणि सगळ्यांनी समजून घ्यायचं असतं. मी त्या आठवड्यात आंबा बर्फी आणली. डबा फ्रिजमध्ये तसाच राहिला. शेवटी बायकोने तो मंडळात नेऊन वाटून टाकला.

जानेवारीत तिचा वर्ग सुरू झाला. या वेळी तिच्या शर्टाला इस्त्री कशी झालीय ते तिने मला विचारलं नाही. आमच्यात बोलणं होतं, पण कामापुरतं. दूध संपलंय. बस लेट आहे. वर्गात एकदा मुलाखत वाचली गेली, एवढं तिने आईला सांगितलं. वर्ग काय म्हणाला ते नाही.

एका शनिवारी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ती रक्तदाबाचा पट्टा आणि स्टेथोस्कोप घेऊन आली. "मला दहा माणसांची रीडिंग्ज हवीत. आईचं झालं. हात दे."

मी बाही वर केली. तिने पट्टा गुंडाळला, दोन बोटांनी कोपराच्या आतली नाडी शोधली. तिची बोटं थंड होती आणि ठाम होती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस. रीडिंग चुकतं."

पट्टा फुगला, हात आवळला, मग हळूहळू सैल होत गेला. ती काट्याकडे बघत होती, ओठ किंचित हलत होते. आजीसमोर गुडघ्यावर बसलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर असंच काहीतरी होतं, आणि मी त्या दिवशी तिचे साधे आभारसुद्धा मानले नव्हते.

"एकशे बावन्न, चौऱ्याण्णव," मुलगी म्हणाली. "हाय आहे, बाबा. घाबरलायस का?"

"हो."

"कशाला? मी फक्त मोजतेय."

ती आकडे वहीत लिहायला लागली. पट्टा अजून माझ्या दंडावर होता. तो काढेपर्यंत मला उठून जाता येणार नव्हतं, आणि ते बरंच होतं.

"आता बोललं तर चालेल?"

"हं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझं नाव काढलं ते चुकलं. त्या बाईंवर ढकललं ते चुकलं. आणि आजीच्या दिवशी तू बरोबर केलं होतंस, आणि मी तुझ्यावर ओरडलो, तेही चुकलं. मला माफ कर."